२४ सिटिंगचे पैसे भरण्याआधी

प्रश्न : माझं वय ४७. दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसायचं काम आहे. सात आठवड्यांपूर्वी जड खोकं उचलताना कंबरेत कळ आली आणि दोन दिवसांत ती डाव्या पायात उतरली. मांडीच्या मागून, पोटरीच्या बाहेरच्या कडेनं, थेट अंगठ्यापर्यंत. एमआरआयमध्ये ‘एल४-एल५ डिस्क प्रोट्रुजन, डाव्या एल५ नसेवर दाब’ असं आलं. ऑर्थोपेडिक डॉक्टर म्हणाले, आत्ता ऑपरेशन नको; गोळ्या घ्या, व्यायाम सुरू करा आणि सहा आठवड्यांनी दाखवा. आता दुखणं पहिल्यापेक्षा कमी आहे, पण पंधरा मिनिटांच्या वर बसवत नाही. मानही वर्षभर अधूनमधून धरते आणि उजव्या हाताच्या अंगठ्याला मुंग्या येतात. एका सेंटरमध्ये ‘विनाशस्त्रक्रिया स्पायनल डीकंप्रेशन’ करतात. तिथे म्हणाले, कंबर आणि मान मिळून २४ सिटिंग घ्या, मणक्यांमधली गादी (डिस्क) परत जागेवर जाईल. नाही घेतलीत तर सहा महिन्यांत ऑपरेशन अटळ आहे. पैसे सगळे आधी भरायचे. माझ्या भावाला याच उपचारानं दोन महिन्यांत बरं वाटलं, तो रोज फोन करून विचारतो. मी घाबरले आहे. चालायचीही भीती वाटते, कंबरेचा पट्टा दिवसभर बांधून असते. काय करू?

उत्तर :

ताई,

पॅकेजचे पैसे आत्ता भरू नका. तुमच्या डॉक्टरांनी दिलेला सल्ला योग्य आहे. तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट तुम्ही अर्ध्या ओळीत सांगून पुढे गेलात : दुखणं पहिल्यापेक्षा कमी आहे. कुठलंही मशीन न लावता, सात आठवड्यांत, तुमची नस निवायला लागली आहे. मला जे सांगायचं आहे ते सगळं याच्याच आधारानं.

त्याआधी एक तपासणी आजच करा. भिंतीचा आधार घेऊन अनवाणी उभ्या राहा आणि चवडे उचलून फक्त टाचांवर दहा पावलं चाला. मग टाचा उचलून चवड्यांवर. त्यानंतर खुर्चीत बसून दोन्ही पायांचे अंगठे वर ताणून धरा आणि घरातल्या कुणाला तरी ते बोटानं खाली दाबायला सांगा. एल५ ही नस पाऊल आणि अंगठा वर उचलणाऱ्या स्नायूंना चालवते, म्हणून डावा अंगठा उजव्याइतकाच जोर धरतो का, हे मला हवं आहे. दुखत असेल तर दुखू दे, ताकद बघा. ताकद दोन्हीकडे सारखी असेल तर आपल्या हातात भरपूर वेळ आहे. डावं पाऊल टाचेवर तोलतच नसेल, चालताना पुढचा भाग जमिनीवर आपटत असेल किंवा ताकद दिवसागणिक उतरत असेल, तर सहा आठवड्यांची वाट बघू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा. आणि लघवी अडली, लघवी झाल्याचं कळेनासं झालं, शौचावरचा ताबा सुटला किंवा बसण्याच्या जागेभोवतीचा भाग बधिर झाला, तर त्याच तासाला हॉस्पिटल गाठायचं. रात्र असली तरी सकाळची वाट बघायची नाही. तिथे नसांच्या संपूर्ण जुडग्यावर दाब आलेला असू शकतो आणि उशीर झाला तर गेलेली संवेदना परत येईलच असं नसतं.

यातलं काही नाही असं धरून पुढे लिहिते.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. ट्रॅक्शनचं, म्हणजे कणा ताणण्याचं, टेबल माझ्या रोजच्या कामातलं आहे, त्या यंत्राशी माझं वैर नाही. ज्याला डीकंप्रेशन म्हणतात ते मुळात ट्रॅक्शनच आहे. पाठीचा कणा ताणायची कल्पना हिप्पोक्रेटस या प्राचीन ग्रीक वैद्याच्या काळापासूनची. त्याच्या नावानं ओळखला जाणारा लाकडी बाक त्यासाठीच होता. आजच्या मशीनमध्ये टेबलाचे दोन भाग असतात, छातीला आणि ओटीपोटाभोवती पट्टे बांधतात आणि खालचा भाग मोटरनं सरकतो. जुन्या अखंड टेबलावर शरीराचं घर्षण मोडण्यातच साधारण पाव वजनाइतका जोर खर्ची पडायचा, दुभंगलेल्या टेबलावर तो वाचतो. कॉम्प्युटर ताण हळूहळू वाढवतो, थोडा वेळ धरतो, सैल सोडतो, पुन्हा वाढवतो. स्नायूंनी विरोध करून आखडू नये म्हणून ही चढउतार केली जाते, असं कंपन्या सांगतात. चांगलं बनवलेलं, आरामशीर यंत्र आहे. पुष्कळांना त्यावर पडल्यापडल्या डोळा लागतो.

‘अमेरिकेच्या एफडीएची’, म्हणजे तिथल्या औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेची, ‘मान्यता’ असंही तुम्हाला तिथे वाचायला मिळेल. या यंत्रांना तिथे जो परवाना मिळतो त्याचा अर्थ इतकाच की हे यंत्र आधीपासून बाजारात असलेल्या ट्रॅक्शनच्या यंत्रांसारखं आहे. त्यानं सायटिका, म्हणजे तुमच्यासारखी कंबरेतून पायात उतरणारी नसेची कळ, बरी होते हे सिद्ध करून मिळालेली ती मान्यता नाही.

आता मुख्य दावा बघू : मशीन गादीवरचा दाब कमी करतं. हे खरं आहे. १९९४ मध्ये मोजक्या रुग्णांच्या गादीत सुई घालून असा दाब मोजला गेला आणि ताण चालू असताना तो शून्याच्याही खाली गेल्याचं दिसलं. जाहिरातींचा सगळा डोलारा याच मोजमापावर उभा आहे. पण १९९९ मध्ये जर्मनीतल्या उल्म इथल्या संशोधकांनी एका स्वयंसेवकाच्या एल४-एल५ गादीत, म्हणजे तुमची दुखावलीय त्याच गादीत, सेन्सर बसवून रोजच्या हालचालींत दाब किती होतो ते पाहिलं. उभं असताना ०.५ मेगापास्कल. पाठ वाकवून २० किलो उचलताना २.३. आणि नुसतं आडवं झाल्यावर ०.१. म्हणजे उभं असतानाच्या दाबातला पाचपैकी चार हिस्से भार तुम्ही अंथरुणाला पाठ टेकताच उतरतो. उरलेल्या भारासाठी मशीन आहे, आणि तुम्ही टेबलावरून उतरून उभ्या राहिलात की शरीराचं वजन पुन्हा त्याच गादीवर येतं.

मणके लांब केल्यानं बरं वाटतं हे गृहीतच धरलं जातं, म्हणून आणखी एक गोष्ट सांगते. अंतराळात वजन नसल्यामुळे अंतराळवीरांचा कणा खरोखरच लांबतो, उंची काही सेंटिमीटरनं वाढते. इतकं दीर्घ आणि संपूर्ण डीकंप्रेशन पृथ्वीवर कुणाला मिळणार नाही. तरी त्यांच्यातल्या साधारण निम्म्या लोकांना तिथे पहिल्या काही दिवसांत कंबरदुखी होते, आणि परत आल्यावर गादी बाहेर येण्याचं प्रमाण त्यांच्यात इतरांपेक्षा जास्तच आढळलं आहे. गादीला भार सोसायची सवय लागते. भार पूर्ण काढून घेतला की तीही दुबळी होते.

‘गादी जागेवर जाईल’ हे वाक्य तर मला सोडवतच नाही, कारण याच वाक्यानं माणसं घाबरतात. गादी कुठे सरकलेली नसते. वरच्या आणि खालच्या मणक्याला ती घट्ट चिकटलेली असते. बाहेर चिवट तंतूंची वलयं, आत मऊ गर. वलयाला कुठे चीर गेली की तिथून गर बाहेर झुकतो. तो गर ओढून आत घ्यायचा आणि दार लावायचं, असं काही टेबलावर घडत नाही. बाहेर आलेल्या भागाचा निकाल लावतं ते तुमचं स्वतःचं शरीर. तिथे नव्या बारीक रक्तवाहिन्या येतात, पांढऱ्या पेशी येतात, तो भाग परका समजून हळूहळू खाऊन टाकतात. शिवाय त्यातलं पाणी आटतं. २०१५ मध्ये यावरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा निघाला तेव्हा एक उलटंच वाटणारं चित्र दिसलं. पूर्ण तुटून सुटा झालेला तुकडा ९६ टक्के रुग्णांत आपोआप आक्रसला होता, बाहेर सांडलेला गर ७० टक्क्यांत, तुमच्यासारखं प्रोट्रुजन ४१ टक्क्यांत आणि नुसता फुगवटा १३ टक्क्यांत. जितकं जास्त बाहेर, तितकं शरीराच्या तावडीत लवकर.

४१ हा आकडा वाचून ‘म्हणजे माझं राहणारच की’ असं मनात आलं असेल तर थांबा. फोटोतली गादी तशीच राहूनही दुखणं जातं, आणि हे रोज घडतं. कारण नस दुखते ती फक्त दबल्यामुळे नाही. १९९३ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी डुकरांच्या नसेच्या मुळावर गादीतला गर नुसता ठेवला, काही दाबलं नाही, तरी नसेचं काम मंदावलं. गरातल्या रसायनांनी नस सुजते, चिडते. ती सूज आठवड्यागणिक ओसरते तशी कळ कमी होत जाते. तुमच्या बाबतीत बहुधा हेच चाललं आहे.

त्याच २०१५ साली आलेला दुसरा एक आढावा मी एमआरआयचा रिपोर्ट हातात घेऊन रडत आलेल्या प्रत्येकाला सांगते. कंबर अजिबात न दुखणाऱ्या ३,११० माणसांच्या स्कॅनचे निष्कर्ष त्यात एकत्र केले होते. चाळिशीतल्या निरोगी माणसांत ६८ टक्क्यांच्या गाद्या झिजलेल्या होत्या आणि ५० टक्क्यांच्या फुगलेल्या. पन्नाशीत हेच प्रमाण ८० आणि ६०. ही माणसं कामावर जात होती, जिने चढत होती, त्यांना काही होत नव्हतं. तुमच्या रिपोर्टमधल्या खाली लिहिलेल्या ‘डीजनरेटिव्ह चेंजेस’ या ओळीनं झोप उडवून घेऊ नका. तुमचं दुखणं खरं आहे, एल५ नसेची गोष्टही खरी आहे. बाकीच्या ओळी या वयाच्या आहेत.

आता भावाबद्दल. त्याला बरं वाटलं हे शंभर टक्के खरं आहे आणि तो तुमच्या काळजीपोटीच फोन करतो. पण पॅकेज किती आठवड्यांचं असतं ते बघा. साधारण सहा ते आठ आठवडे. सायटिकेचा जोर बहुतेकांत नेमका याच काळात उतरतो. माणूस सेंटरमध्ये जातो तोही दुखणं शिगेला पोचल्यावर, म्हणजे तिथून पुढे ते उतरायचीच शक्यता जास्त. रोज अर्धा तास शांत पडणं, कुणीतरी आस्थेनं विचारणं, ‘बरं होणार’ असा धीर मिळणं, बरोबरीनं थोडा व्यायाम, थोडा शेक. या सगळ्याचाही गुण येतो. मग श्रेय कुणाचं? एका माणसाच्या अनुभवावरून ते कळूच शकत नाही, म्हणून तुलना करावी लागते. यशाचे मोठमोठे टक्के जाहिरातीत दिसले की एवढंच विचारा : मशीन न लावलेल्या तशाच रुग्णांचं काय झालं?

ती तुलना झालेली आहे. २००९ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी ६० जणांचे दोन गट केले. दोन्ही गटांना त्याच आधुनिक मशीनवर झोपवलं, पट्टे बांधले. एका गटाला खरा ताण दिला, दुसऱ्याला नाममात्र. कुणाला काय मिळतंय हे रुग्णांना माहीत नव्हतं. दोन्ही गट सुधारले, चांगले सुधारले, आणि दोघांत फरक सापडला नाही. त्यानंतर २०१३ मध्ये वैद्यकीय चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेनं कंबरेच्या ट्रॅक्शनवरच्या ३२ चाचण्या, म्हणजे एकूण २,७६२ रुग्ण, एकत्र तपासले. पायात कळ असो वा नसो, दुखणं, हालचाल किंवा कामावर परतणं यांत ट्रॅक्शननं फारसा फरक पडत नाही, असा निष्कर्ष निघाला. ‘काही ठरावीक रुग्णांना तरी उपयोग होत असेल’ ही माझ्यासारख्या अनेकांची आशा होती. २०१६ मध्ये नसेच्या दुखण्याच्या १२० रुग्णांवर तेही तपासून झालं. व्यायामाला ट्रॅक्शनची जोड दिल्यानं जास्त लाभ दिसला नाही. त्याच वर्षी ब्रिटनच्या नाइस या संस्थेनं कंबरदुखी आणि सायटिका दोन्हींसाठी ट्रॅक्शन देऊ नये अशी सूचना केली. डिसेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं तीन महिन्यांहून जुन्या कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यातही ट्रॅक्शन न करण्याच्या यादीत आहे. कंबरेचे पट्टेही त्याच यादीत आहेत.

पट्ट्याचं बोलूनच टाकते. दिवसभर बांधू नका. पुढचे आठ-दहा दिवस फक्त प्रवासात किंवा सलग उभं राहायचं असेल तेवढ्यापुरता बांधा, मग सोडून द्या. पट्टा गादीला धरून ठेवत नाही, आणि त्याच्यामुळे मनात सतत ‘माझी कंबर नाजूक आहे’ हेच घुमत राहतं.

सहा महिन्यांत ऑपरेशन अटळ, असं कुणीही सांगू शकत नाही. तुमच्या सुधारणेकडे पाहता तर ते सांगणं चुकीचंच आहे, आणि घाबरलेल्या माणसाला असं सांगून आगाऊ पैसे मागणं मला अन्यायाचं वाटतं. सायटिकेत लवकर ऑपरेशन करावं की थांबावं याचा चांगला अभ्यास २००७ मध्ये नेदरलँड्समधूनच आला. सहा ते बारा आठवडे तीव्र कळ असलेल्या २८३ रुग्णांत निम्म्यांचं लवकर ऑपरेशन केलं, निम्म्यांना थांबवलं. लवकर ऑपरेशन झालेल्यांची पायातली कळ लवकर गेली, हे नक्की. पण वर्षाच्या शेवटी दोन्ही गटांत जवळपास ९५ टक्के लोक बरे झाले होते. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना कळ सोसेना म्हणून पुढे ऑपरेशन करून घ्यावं लागलं. म्हणजे थांबणाऱ्यांतले बहुतेक ऑपरेशनशिवाय बरे होतात, आणि ज्यांना ते लागतं त्यांनी थांबून काही गमावलेलं नसतं, पायाची ताकद शाबूत असेल तोवर. ऑपरेशनचं भय बाळगून कुठल्याही मशीनकडे धावायचं कारण नाही. वेळ आली तर तोही एक चांगला उपचार आहे.

मानेची गोष्ट थोडी वेगळी आहे आणि ती कंबरेसोबत एकाच पावतीत बांधायची नाही. मानेतून हातात जाणाऱ्या नसेच्या दुखण्यात ट्रॅक्शनला थोडी जागा आहे असं मी मानते. २०१४ मध्ये अशा ८६ रुग्णांवर झालेल्या चाचणीत व्यायामाला मशीनच्या ट्रॅक्शनची जोड दिलेल्यांचा त्रास सहा महिन्यांनंतर नुसता व्यायाम करणाऱ्यांपेक्षा कमी होता. सगळेच अभ्यास तसं म्हणत नाहीत, पण कंबरेइतकी निराशाजनक स्थिती इथे नाही. त्यासाठी मान आधी हातानं तपासावी लागते. तुम्ही उताण्या पडलेल्या असताना तपासणारी व्यक्ती दोन्ही हातांनी डोकं अलगद आपल्याकडे खेचते. त्यानं हातातल्या मुंग्या त्या क्षणी कमी झाल्या तर ट्रॅक्शनचा उपयोग व्हायची शक्यता वाढते. काहीच बदललं नाही तर बारा सिटिंगनंतरही बदलेल अशी आशा मी धरणार नाही. सेंटरमध्ये तुमच्या मानेला कुणी हात तरी लावला का? पत्रात तसं काही नाही. तुमच्या मुंग्या अधूनमधूनच्या आहेत, वर्षभर वाढलेल्या नाहीत. बसण्याची पद्धत आणि स्क्रीनची उंची यांनीच त्या बऱ्याच कमी होतील असं मला वाटतं. फक्त बटणं लावताना बोटं अडखळू लागली, हातातून वस्तू निसटू लागल्या किंवा चालताना तोल जाऊ लागला, तर ते मानेतल्या मज्जारज्जूवरच्या दाबाचं लक्षण असू शकतं. तेव्हा मान कुणालाही ताणू द्यायची नाही, डॉक्टरांकडे जायचं.

आता कंबरेसाठी काय करायचं ते.

चाला. या एका गोष्टीसाठी मी तुमच्या विनवण्या करेन. तुम्हाला वाटतंय की चालल्यानं गर आणखी बाहेर येईल. तसं होत नाही. गादीला स्वतःच्या रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. ती स्पंजासारखी दाबली जाते, सुटते, आणि त्या दाबण्यासुटण्यातून पाणी आणि पोषण आत घेते. चालणं म्हणजे हेच, दर पावलाला. सपाट जमिनीवर पाच-सात मिनिटं, दिवसातून पाच-सहा वेळा, एवढ्यावर सुरुवात करा. दर दोन-तीन दिवसांनी एकेक मिनिट वाढवा. चालताना कळ थोडी वाढून अर्ध्या तासात पूर्ववत होत असेल तर चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत वाढलेलीच राहिली तर कालचं अंतर जास्त झालं, थोडं मागे या. बंद करू नका. २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ७०१ जणांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कंबरदुखीतून नुकत्याच बऱ्या झालेल्या या लोकांपैकी ज्यांना चालण्याचा नीट आखलेला कार्यक्रम आणि माहिती मिळाली, त्यांच्यातल्या निम्म्यांची कंबर पुन्हा दुखायला २०८ दिवस लागले. ज्यांना काही मिळालं नाही त्यांच्यातल्या निम्म्यांची ११२ दिवसांतच उलटली. आत्ता लागलेली सवय पुढेही तुमच्या कामाला येईल ती अशी.

दुसरी गोष्ट हळूच करून बघायची. पोटावर पालथ्या पडा, दोन मिनिटं नुसत्या पडून राहा. मग कोपरांवर टेकून छाती उचला, ओटीपोट जमिनीलाच राहू द्या. मिनिटभर थांबा, खाली या. असं पाच-सहा वेळा. आणि पूर्ण लक्ष एकाच ठिकाणी ठेवा : कळ कुठवर उतरते आहे? अंगठ्यातली कळ पोटरीवर आली, पोटरीतली मांडीवर, मांडीतली कुल्ल्यावर, अशी ती वर सरकत असेल तर हा व्यायाम तुमचा आहे. त्या वेळी कंबरेत थोडं जास्त दुखेल. इथे बहुतेक जण घाबरून थांबतात, पण कळ पायातून कंबरेकडे माघारी येणं हे आमच्या क्षेत्रातलं सगळ्यात चांगलं लक्षण आहे. ज्यांना ते दिसतं त्यांचा पुढचा प्रवास सहसा सोपा असतो. उलट छाती उचलल्यावर कळ आणखी खाली उतरली, अंगठ्यात मुंग्या वाढल्या, तर तो व्यायाम तुमच्यासाठी नाही. तो सोडा आणि फिजिओथेरपिस्टला दाखवून तुमची दिशा शोधून घ्या. हे शोधणं दोन-तीन भेटींचं काम आहे.

आणि घरातलं ट्रॅक्शन हवंच असेल तर जमिनीवर उताण्या पडा आणि दोन्ही पोटऱ्या खुर्चीच्या बैठकीवर ठेवा, गुडघे काटकोनात. दहा मिनिटं. ज्या नसेसाठी मशीनचे पैसे भरायला निघाला होतात तिला इथे आराम मिळतो. कळ जोरात असेल तेव्हा मला याहून भरवशाचं काही माहीत नाही.

बसणं पंधरा मिनिटांवर निभत नाही म्हणता, तर दहाव्या-बाराव्या मिनिटाला, कळ यायच्या आधी, उभ्या राहा. कळ आल्यावर उठायचं नाही, आधी उठायचं. फोनवरची कामं उभ्यानं करा. खोकी महिनाभर दुसऱ्या कुणी उचलू देत. गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणेच घ्या. झोप लागत नसेल तर त्यांना तसं सांगा, कारण रात्रीची झोप मोडली की दुसऱ्या दिवशी तीच कळ दुप्पट वाटते.

हे सगळं वाचूनही एकदा मशीनवर पडून बघावंसं वाटत असेल तर मी तुम्हाला अडवणार नाही. पडल्यापडल्या बरं वाटणं हेही काही कमी नाही, आणि ताकद शाबूत असलेल्या, हाडं चांगली असलेल्या माणसाला सहसा इजा होत नाही. सहसा म्हणते, कारण ट्रॅक्शन चालू असतानाच गादीचा भाग अचानक जास्त बाहेर येऊन दुखणं बळावल्याची नोंद २००३ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात झालेली आहे. हाडं ठिसूळ असतील, पूर्वी मणक्याला फ्रॅक्चर झालं असेल, स्क्रू किंवा प्लेट असेल, कॅन्सर किंवा मणक्यातला संसर्ग असेल, पोटातली महाधमनी फुगलेली असेल, गरोदरपण असेल, तर टेबलाच्या जवळही जायचं नाही. रुमॅटॉइड संधिवाताच्या (आमवाताच्या) रुग्णांनी मान ताणून घ्यायची नाही. हे प्रश्न तुम्हाला तिथे विचारले गेले नसतील तर त्या सेंटरबद्दल तेवढं पुरेसं आहे. विचारले असतील तर दर सिटिंगचे पैसे त्या त्या दिवशी द्यायचे, असं सांगा. पाच सिटिंगमध्ये कळ वर सरकायला लागली नाही तर थांबा. टेबलावरून उठताना कळ वाढत असेल तर त्याआधीच थांबा. आणि त्या दिवशीचं चालणं चुकवायचं नाही.

डॉक्टरांकडे पुन्हा जाल तेव्हा एका वहीत दोनच रकाने भरून न्या : आज कळ कुठवर उतरली आणि सलग किती मिनिटं चालता आलं. नवा एमआरआय स्वतःहून काढू नका. ताकद बदलली नाही तर त्यानं उपचार बदलत नाही. त्या भेटीत गुडघ्याची आणि घोट्याची प्रतिक्षिप्त क्रिया, अंगठ्याची ताकद आणि मान, तिन्ही तपासून घ्या आणि काय सापडलं ते मला कळवा. अंगठा कमजोर निघाला तर मात्र मला लिहीत बसू नका, आधी त्यांच्याकडे जा.